नॉर्मल पुरुष पाहिजे

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात दिवसभरात इतकं काही येतं की लिहून ठेवलं नाही तर नुकसान विज्ञानाचं. माझं काय, मी विसरून जातो.

सकाळी दाढी करताना पेपरचा विषय सुचला. ज्या पुरुषांना ताठरता येत नाही, त्यांचा दोष रक्तवाहिन्यांत आहे की डोक्यात, हे आमच्या गॅमा कॅमेऱ्यानं ठरवायचं. पेशंटच्याच रक्तातल्या लाल पेशींना किंचित किरणोत्सारी औषध चिकटवायचं, पेशी परत टोचायच्या, कॅमेरा ओटीपोटावर लावायचा. मग जागेवर एक इंजेक्शन. रक्त धावत येतं, कॅमेऱ्यावरचे आकडे चढतात. भराभर चढले, धमन्या ठीक. रांगत चढले, धमन्या बुजलेल्या. चढून घसरले, तर शिरा गळक्या. एवढंच. या रुग्णालयात आजवर कोणाला सुचलं नाही, कारण सुचायला जो अवयव लागतो तो इथे फक्त मला आहे.

मी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभागप्रमुख. विभाग तळघरात, लाँड्रीशेजारी. माणसं दोन, मी आणि टेक्निशियन बाई. म्हणजे विभाग मीच.

९ जानेवारी
इंजेक्शन द्यायला मूत्रविकारवाला लागणार. इथे तो एकच आहे, तो म्हणजे माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. स्वतःला सर्जन म्हणवतो, आहे प्लंबर. हीच तपासणी तो सोनोग्राफीनं करतो. ज्याचा हात तसा रिपोर्ट. माझ्या कॅमेऱ्याला हात नाही, हाच त्याचा मोठेपणा. मेहुण्याला हे समजावून सांगितलं. म्हणाला, बघू या की भाऊजी. उत्साह शून्य.

जेवताना हिला विषय सांगितला. तिनं घास ताटातच ठेवला. म्हणाली, हा विषय तुम्हाला आत्ता कसा सुचला? म्हटलं, दाढी करताना. तिनं ताट उचलून आत नेलं. ही शाळेत गणित शिकवते. संशोधन म्हणजे काय ते शाळेत नसतं.

१७ जानेवारी
एथिक्स कमिटी. एक वकील, एक समाजसेविका, एक औषधशास्त्रवाले, ते झोपले होते. समाजसेविकेनं विचारलं, तुलनेसाठी नॉर्मल पुरुष लागतील, ते कुठून आणणार? म्हटलं, बाई, जगात नॉर्मल पुरुषांचा तुटवडा नाही. वकील हसला. का हसला कळलं नाही. मंजूर.

२५ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे उठून लिखाण. सिगारेट बंद. रात्री कोचावर झोपतो ते चालू ठेवणं. वाचनाला बरं पडतं, पाठीलाही कडक बैठक चांगली. हिनंही कधी तक्रार केलेली नाही. समजूतदार आहे, किंवा घोरण्यातून सुटली.

२६ जानेवारी
उठलो उशिरा. सिगारेट दोन. विचार करताना लागतात.

२ फेब्रुवारी
पहिला पेशंट. व्यायामशाळेत शिकवणारा, दंड खांबासारखे. कॅमेऱ्याखाली आलेख रांगला. वीस मिनिटांत टेकडीसुद्धा झाली नाही. कॉरिडॉरमध्ये त्याला निकाल सांगितला. म्हटलं, इमारत छान आहे, फक्त पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही. हसला नाही. मग नीट समजावलं. ही धमनी शरीरातल्या बारीक धमन्यांपैकी. आधी ती बुजते, मग हृदयाची पाळी. दोन-तीन वर्षांची उसंत मिळते. तेव्हा आजच हृदयाची तपासणी करून घे, सिगारेट सोड. तो बाकावर बसून रडायलाच लागला. एवढे दंड आणि हे.

टेक्निशियन बाईंनी त्याला पाणी दिलं. नंतर म्हणाल्या, सर, जरा हळू बोलला असतात. म्हटलं, आलेख हळू बोलत नाही.

१२ फेब्रुवारी
चौथा पेशंट. पोस्टातला कारकून, अडतीस वर्षांचा. आलेख रॉकेटसारखा वर. धमन्या उत्तम. म्हणजे दोष डोक्यात. म्हटलं, बायकोशी भांडणं कमी करा. म्हणाला, बायको गेल्या वर्षी वारली. हे केसपेपरवर लिहायला नको? आता दुसरं लग्न ठरतंय म्हणून आला होता. लोक माहिती लपवतात आणि डॉक्टरला तोंडघशी पाडतात.

लिफ्ट बंद. तळघरातून दुसऱ्या मजल्यावर चालत गेलो. छातीत जड वाटलं. कॅन्टीनवाला तेल बदलत नाही. ॲसिडिटीची गोळी घेतली, बरं वाटलं. म्हणजे ॲसिडिटीच.

१९ फेब्रुवारी
ही केस आखूड कापून आली. कशी दिसते विचारलं. म्हटलं, मान दिसते. तासाभरानं लक्षात आलं, ती आत जाऊन आरशापुढे बसली आहे. या वयात आरसा. चष्म्याची फ्रेमही नवी. शाळेत कोणाला दाखवायचं असतं कोण जाणे.

२६ फेब्रुवारी
आठ पेशंट पूर्ण. पाचांच्या धमन्या बुजलेल्या. आकडे देखणे आले आहेत. आता नॉर्मल हवेत. नोटीस बोर्डावर कागद लावला: ‘संशोधनासाठी नॉर्मल पुरुष पाहिजे. वय ४५ ते ६०. तळघरात भेटावे.’

२८ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. नोटिशीखाली कोणीतरी लिहून ठेवलंय: ‘आम्हालाही पाहिजे.’ अक्षर बायकी. नर्सिंगवर संशय आहे. मेट्रनकडे तक्रार केली. मेट्रन खोकल्याचं निमित्त करून आत गेल्या आणि बराच वेळ आतच खोकत राहिल्या.

५ मार्च
टेक्निशियन बाई म्हणाल्या, सर, जो नॉर्मल आहे तो ते सिद्ध करायला तळघरात कशाला येईल? बाष्कळ प्रश्न. पण त्यावरूनच सुचलं. मी येईन. चोपन्न वर्षांचा, वजन बेताचं, नोकरीत स्थिर, विवाहित. याहून नॉर्मल काय असतं? थोर शास्त्रज्ञांनी प्रयोग स्वतःवर केले आहेत.

मेहुण्याला सांगितलं. तो दोनदा म्हणाला, भाऊजी, नक्की ना? म्हटलं, का, तुला काय वाटतं? म्हणाला, मला काही नाही वाटत. त्याला कधीच काही वाटत नाही.

८ मार्च
प्रयोग झाला. टेक्निशियन बाईंना सुट्टी दिली, बटणं स्वतःच दाबली. तेच चुकलं. मेहुण्यानं इंजेक्शन दिलं. देताना छताकडे बघत होता. कॅमेरा वीस मिनिटं चालला. शेजारी लाँड्रीचं मशीन गरगरत होतं. मध्येच मेहुणा म्हणाला, ताईचे गुडघे कसे आहेत? ही काय वेळ आहे गुडघ्यांची?

आलेख आडवा. व्यायामशाळेवाल्याहूनही आडवा. अर्थातच तांत्रिक बिघाड.

९ मार्च
बिघाडाची कारणं काढली. एसी फार थंड होता. पेशींना औषध नीट चिकटलं नसणार. इंजेक्शन जुनं असेल, मेहुणा स्टॉककडे बघत नाही. लाँड्रीची कंपनं. आणि मेहुणा समोर असताना कोणाच्या धमन्या उघडतील? ही प्रक्रिया नाजूक आहे.

१३ मार्च
पुन्हा केला. एसी बंद, लाँड्री बंद ठेवायला सांगितली, इंजेक्शन नवं कोरं. मेहुण्याला टोचून झाल्यावर पडद्यामागे उभं केलं. औषध चिकटलं की नाही ते टेक्निशियन बाईंकडून तपासून घेतलं, पेशंट कोण ते सांगितलं नाही. म्हणाल्या, चिकटलंय उत्तम सर, आणि पेशंटचा एप्रन खुंटीवर राहिलाय. एप्रनवर माझं नाव होतं.

आलेख आडवा. डोस दुप्पट कर म्हटलं. मेहुणा पडद्यामागूनच नाही म्हणाला. पाठबळ म्हणून नाहीच या खात्यात.

२० मार्च
कॅमेऱ्याच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. त्यानं दिवसभर तपासलं. प्लॅस्टिकचा डबा ठेवला, त्यात किरणोत्सारी पाणी भरलं, फोटो काढले. म्हणाला, सर, मशीन एकदम परफेक्ट आहे. म्हटलं, डब्यासाठी परफेक्ट असेल. त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. शिकलेला वाटला नाही.

२६ मार्च
नॉर्मल मिळाला. मेहुणाच. स्वतःहून म्हणाला, भाऊजी, तुमचं अडायला नको. वय सेहेचाळीस, बसतं. इंजेक्शन स्वतःच टोचून घेतलं. आलेख पहिल्या दोन मिनिटांत कागदाच्या वरच्या कडेला लागला. नंतर बराच वेळ खुर्चीतून उठता येईना. ओपीडी टेबलामागे बसूनच चालवली, सिस्टरला म्हणाला पाठ धरली आहे. बाहेर पेशंटांच्या रांगा.

यात कौतुक करण्यासारखं काही नाही. माणूस सकाळी पळायला जातो, कोबी खातो, डोक्याला ताप नाही. वाचन शून्य.

२ एप्रिल
मेहुणा तळघरात आला, दार लावून घेतलं. म्हणाला, भाऊजी, तुम्ही पेशंटांना जे सांगता तेच मी तुम्हाला सांगतो. आधी बारीक धमनी, मग हृदय. तुमच्याच कॅमेऱ्यावर हृदयाचा स्कॅन करून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जिने चढताना दम लागतो का? म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करा मग बघू. म्हणाला, छातीत काही होतं का? म्हटलं, ॲसिडिटी. ताईला सांगू का म्हणाला. म्हटलं, पेशंटची गोपनीयता नावाची गोष्ट असते, वाचून ये.

हृदयविभागाच्या प्रमुख बाई रोज माझ्याकडे पेशंट पाठवतात. त्यांच्या हृदयांचे फोटो मीच वाचतो. माझा स्कॅन काढला तर ते फोटो मला त्या बाईंना दाखवावे लागतील. बाईंना माझ्या रिपोर्टमध्ये स्वल्पविराम खटकतात. त्यांच्यासमोर मी छाती उघडी करणार नाही.

१० एप्रिल
अठरा तारखेला वार्षिक संशोधन सभा. पंधरा मिनिटं मिळाली आहेत. डीन, सगळे विभाग, बाहेरचे दोन प्राध्यापक. स्लाइड तयार. माझा आलेख टाकायचा की नाही? गाळला तर टेक्निशियन बाई कुठेतरी बोलतील. ‘क्रमांक नऊ, तांत्रिक कारणास्तव वगळला’ असा टाकला. प्रामाणिकपणाही दिसतो.

हिला पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलं. म्हणाली, मी कशाला? म्हटलं, नवरा काय करतो ते कळू दे एकदा. म्हणाली, हो, कळू दे.

१८ एप्रिल, सकाळ
आज. भाषण पाठ. कोट जरा सैल झालाय, वजन उतरलं, चांगलंच आहे. मेहुण्याला प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून ताकीद दिली. डाव्या खांद्यात चमक आहे, कोचामुळे. टाळ्या पडल्या की डीनकडे नव्या कॅमेऱ्याचा विषय काढायचा.

२१ एप्रिल, हृदयविभाग, खाट चार
आडवा पडून लिहितोय. अक्षर वाईट येतंय. पण नोंद राहायला हवी, लोक वाट्टेल ते सांगतील.

भाषण अप्रतिम झालं. नवव्या स्लाइडला कॅमेरा, औषध, दुसरी तपासणी, सगळी दक्षता सांगितली, तोच हृदयवाल्या बाई उठल्या. म्हणाल्या, डॉक्टर, कॅमेरा तपासलात, औषध तपासलंत, तपासणी दोनदा केलीत. मग तांत्रिक कारण कोणतं? तुमच्या नऊ जणांत सगळ्यात स्वच्छ आजार याच माणसाचा आहे. याचं हृदय कोणी बघितलं का?

म्हटलं, गरज नाही, पेशंट ठणठणीत आहे. बाई म्हणाल्या, दम लागतो का त्याला? म्हटलं, फक्त जिन्यावर. आणि तो जिना नसून ॲसिडिटी आहे, मला कॅन्टीनच्या तेलानं होते.

मी काय बोललो ते माझ्या लक्षात यायच्या आधी पहिल्या रांगेत हिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात घेतला. मी पुढची स्लाइड मागितली. मग कपाळावर घाम आला, व्यासपीठाची कड धरली, छातीवर कोणीतरी कपाट ठेवल्यासारखं झालं. पहिला धावला तो मेहुणा. त्याचा एक बूट खाली राहिला. मला तो उचलून घेतोय हे मला अजिबात आवडलं नाही, पण सोड म्हणायला श्वास नव्हता.

दोन स्टेंट घातले. हृदयवाल्या बाईंनीच. घालताना म्हणाल्या, दोन-तीन वर्षांची उसंत मिळते म्हणून तुम्हीच सांगितलंत ना मघाशी? ती तुम्ही वापरून टाकली होतीत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर टोमणे मारणं कोणत्या नियमात बसतं?

२२ एप्रिल
सकाळी ही एकटीच आली. स्टूल ओढून बसली. म्हणाली, अहो, क्रमांक नऊ तुम्हीच ना? म्हटलं, पेशंटची माहिती देता येत नाही. म्हणाली, बरं. संत्रं सोललं. एकेक फोड वेगळी करून बशीत ठेवत राहिली, मला दिली मात्र नाही.

मग म्हणाली, मला वाटायचं, मी तुम्हाला नकोशी झालेय. केस कापून बघितले, गुडघे दुखत असताना दोरीवरच्या उड्या मारत बसले. तुम्ही कोच धरलात तेव्हा मी शेजारणीला सांगितलं, यांना रात्री वाचायचं असतं. एकदा म्हणाला असतात की मला जमत नाही, तर मी काय हसले असते?

बायकांना प्रत्येक गोष्टीत आपलाच विषय दिसतो. असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. सिस्टर बीपी बघायला आली. जास्त होतं. तिनं हिला बाहेर बसायला सांगितलं. बशी इथेच राहिली. फोडी खाल्ल्या. आंबट होत्या.

४ मे
घरी. बंद: सिगारेट, जिने, मीठ, राग. जिन्याचा प्रश्न नाही. लिफ्ट दुरुस्त झाली म्हणे. मी नसताना.

कोचावर झोपायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं ही म्हणते. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं मला आठवत नाही. पलंगावर झोपतो. ती भिंतीकडे तोंड करून झोपते. पण आहे.

२० मे
पेपर मासिकाकडे पाठवला. क्रमांक नऊनं हृदयाचा स्कॅन नाकारला आणि मग त्याला झटका आला, हे मेहुण्याच्या आग्रहावरून तळटीपेत घालावं लागलं. कोचावर बसून पूर्ण केला. भाषा धारदार झाली आहे. बाहेरच्या जगाला तरी कळेल.

११ जून
मासिकाचं उत्तर आलं. आठ पेशंटांवरून काही सिद्ध होत नाही म्हणे. नॉर्मल म्हणून एकच माणूस, तोही लेखकाचा नातेवाईक. पेपर परत. परीक्षकांना वाचता येतं का, शंका आहे. खाली मात्र एक ओळ होती: क्रमांक नऊची हकीकत बोलकी आहे, तपासणीनं हृदयविकार आधी दाखवला आणि पेशंटनं तो मानला नाही, तेवढीच स्वतंत्र छापायला आवडेल.

मेहुण्याला फोन केला. तो संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. लेखक कोण, हा प्रश्न निघाला. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही तर पेशंट. पेशंटचं नाव छापत नाहीत आणि लेखकाचं छापतात, दोन्ही कसं जमणार? शेवटी लेखक तो आणि हृदयवाल्या बाई. मी ‘चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ’. व्यवसाय लिही म्हटलं. म्हणाला, नको, ओळख पटेल.

मग त्यानं लिहायला घेतलं. विचारलं, भाऊजी, तक्रार किती दिवसांपासून होती? म्हटलं, तीन-चार महिने. तीही कामाच्या ताणामुळे.

ही जेवणाच्या टेबलाशी सहावीचे पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, चार वर्षं.

मेहुण्याचे हात कीबोर्डवर थांबले. माझ्याकडे बघू लागला. ताईकडे बघायची त्याची छाती झाली नाही. पंख्याखाली हिचे पेपर फडफडत होते, तिनं त्यांवर डबा ठेवला.

म्हटलं, लिही. चार.

त्यानं लिहिलं. हिनं पुढचा पेपर घेतला.